जनरल मोटर्स : गाडीचा भरवसा कोणाच्या हाती?



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहून अमेरिकेतल्या एका मोटार कंपनीचा इतिहास सांगावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. संपाविषयी, महागाईविषयी बोलणे मला अधिक शोभले असते. तरीही मी हा विषय घेतला, त्याला एक कारण घडले. ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही पगारवाढीच्या मागण्यांचा मसुदा तयार करीत होतो. कारखान्याचे नाव घेत नाही; त्याची येथे गरज नाही. गेट मीटिंग संपल्यावर एक तरुण वेल्डर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "अण्णा, एक मागणी आणखी घाला. जॉब कच्चा असला तर तो बाजूला काढायचा हक्क आम्हांला द्या. सुपरवायझर म्हणतो, आकडा पुरा कर, पाठव पुढे. अण्णा, तो पुढे कुणाच्या तरी गाडीला लागतो." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटले, "अरे, माल कसा काढायचा ते मालक बघेल. आपण पगाराचे बघू." तो गप्प राहिला. मागण्या २७ होत्या. २८वी झाली नाही.

पुढे वाचनाच्या ओघात जनरल मोटर्सचा इतिहास हाती आला, आणि त्या पोराचाच प्रश्न मला पानोपानी भेटू लागला. आपल्या भाषेत 'मालक' हा शब्द दोघांना लागतो. कारखान्याचाही मालक, आणि पै पै जमवून गाडी घेतो तो गाडीचाही मालक. या दोन मालकांच्या मध्ये गाडी बनविणारा माणूस उभा असतो. गाडीचा भरवसा कशावर ठरतो? पहिल्या मालकाच्या हिशेबावर, की मधल्या माणसाच्या हातावर? आणि त्या हाताला कोणी विचारतो का? एवढाच आजचा विषय आहे.

जनरल मोटर्सची स्थापना १६ सप्टेंबर १९०८ रोजी झाली. संस्थापक विल्यम ड्युरंट हा मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावचा घोडागाड्यांचा कारखानदार. मोटार घडविण्याचे कसब त्याच्यापाशी नव्हते. कंपन्या विकत घेण्याचे होते. ब्यूइक हाती होतीच. पाठोपाठ ओल्ड्समोबिल, ओकलंड आणि कॅडिलॅक त्याने खिशात घातल्या. कर्ज इतके वाढले की १९१० मध्ये बँकवाल्यांनी त्याला बाजूला सारले. लुई शेव्रोले या शर्यतीच्या चालकाला हाताशी धरून १९११ मध्ये त्याने नवी कंपनी काढली, तिच्या जोरावर जनरल मोटर्स परत मिळविली, आणि १९२० मध्ये पुन्हा गमावली. उतारवयात हा गृहस्थ फ्लिंटमध्ये बोलिंगच्या खेळाची जागा चालवीत होता. १९४७ मध्ये तो वारला.

त्याने घेतलेल्या कंपन्यांपैकी कॅडिलॅकची गोष्ट सांगण्याजोगी आहे. तिचा मुख्य हेन्री लेलंड हा अचूक मापाचा भक्त. त्या काळी कानस चालविल्यावाचून एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसत नसे. १९०८ मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे रॉयल ऑटोमोबाइल क्लबने तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या केल्या आणि सर्व भागांचा एकच ढीग घातला. त्यांतले काही काढून घेऊन विक्रेत्याच्या कोठारातले नवे भाग मिसळले. मग फिटरांनी केवळ पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर यांच्या साहाय्याने त्या ढिगातून तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या. तिन्ही गाड्या ५०० मैल धावल्या. या पराक्रमाबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी मिळाली. पुढे १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने बनविलेला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारता मारता मनगट मोडण्याचे भय गेले. म्हणजे भरवशाची गाडी कशी करावी हे या घराण्याला ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणू नये. ते त्याला आरंभापासून ठाऊक होते.

मग बिघडले कोठे? याचे उत्तर शोधताना आल्फ्रेड स्लोनपाशी थांबावे लागते. १९२३ मध्ये तो कंपनीचा अध्यक्ष झाला. बुद्धीने तीक्ष्ण, हिशेबात पक्का. हेन्री फोर्ड एकच मॉडेल टी वर्षानुवर्षे काढीत होता, दर वर्षी स्वस्त करीत होता. स्लोनने पायऱ्या बांधल्या. खालच्या पायरीवर शेव्रोले, सर्वांत वर कॅडिलॅक, मध्ये बाकीच्या. प्रत्येक खिशाला एक गाडी. गाडी हप्त्याने मिळू लागली. आणि दर वर्षी गाडीचे रूप बदलू लागले. हेतू उघड होता. गिऱ्हाइकाची गाडी धडधाकट असली तरी शेजाऱ्याची नवी गाडी पाहून ती त्याला जुनी वाटावी. १९२७ मध्ये फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली. १९३१ पासून २००७ पर्यंत, सलग ७७ वर्षे, जनरल मोटर्स ही विक्रीत जगातली पहिली मोटार कंपनी राहिली.

या पद्धतीत एक गोम होती. दर दोन-तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्या गिऱ्हाइकाला सातव्या वर्षी काय मोडते याच्याशी कर्तव्य नसते. ते भोगतो दुसऱ्या हाताने गाडी घेणारा, म्हणजे बहुधा कामगार किंवा कारकून. आणि त्याचे पत्र कंपनीच्या हिशेबात येत नाही, कारण तो कंपनीचा गिऱ्हाईकच नव्हे.

आता कारखान्याच्या आत जाऊ. १९३०नंतरची मंदी. लाइनचा वेग मनास येईल तसा वाढविला जाई. युनियनचा सुगावा लागला की माणूस घरी. कोण कोणाशी बोलतो हे कळावे म्हणून कंपनीने खासगी हेर नेमले होते. अडीच वर्षांत या हेरगिरीवर सुमारे १० लाख डॉलर खर्च झाल्याचे पुढे सिनेटच्या समितीपुढे उघड झाले. अशा स्थितीत ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंटमध्ये फिशर बॉडीच्या कारखान्यांतले कामगार कामावर गेले आणि बाहेर आलेच नाहीत. यंत्रांपाशी बसून राहिले. फाटकाबाहेर संप केला की मालक नवी माणसे आत घालतो. आत बसले तर कोणाला घालणार? बसून केलेला हा संप ४४ दिवस चालला. आत दारूबंदी होती, झाडलोट रोज होत असे, यंत्रांना धक्का लावावयाचा नाही असा दंडक होता. जेवण बाहेरच्या स्वयंपाकघरातून येई. ११ जानेवारी १९३७ रोजी एका इमारतीतली ऊब तोडली, अन्न अडविले, आणि पोलिसांनी अश्रुधूर व गोळ्या चालविल्या. आतल्यांनी पाण्याचे पाइप आणि दरवाजांच्या बिजागऱ्या यांनी उत्तर दिले. कामगारांच्या बायका तुकडी करून पुढे आल्या. गव्हर्नर फ्रँक मर्फीने सैन्य आणले, परंतु कामगारांवर सोडले नाही. १ फेब्रुवारीस कामगारांनी एका कारखान्यावर हूल दाखवून शेव्रोलेचे इंजिन बनविणारा चार नंबरचा कारखाना काबीज केला. ११ फेब्रुवारीस कंपनीने युनियनशी करार केला. अमेरिकेतल्या मोटार कामगारांची युनियन खऱ्या अर्थाने त्या दिवशी जन्माला आली.

याच १९३६ साली अमेरिकेत आणखी एक संस्था जन्मली. तिची हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. बाजारातला माल तपासून ग्राहकांना खरे काय ते सांगणारी 'कन्झ्युमर्स रिसर्च' नावाची संस्था न्यू जर्सी राज्यात होती. तिच्या नोकरांनी १९३५ मध्ये युनियन काढली, चालकांनी तिघांना काढून टाकले, आणि संप झाला. त्या संपकऱ्यांनीच १९३६ मध्ये 'कन्झ्युमर्स युनियन' स्थापिली. तिचेच मासिक पुढे 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' म्हणून प्रसिद्ध झाले. आरंभीच्या अंकांत साबण किंवा मोजे कसे आहेत याबरोबर ते बनविणाऱ्यांना मजुरी काय मिळते हेही छापीत. १९५०नंतरच्या दशकात तिने वाचकांना प्रश्नावली पाठवून कोणत्या गाडीचे काय मोडले याची नोंद सुरू केली. लाखो गाडीमालकांचे अनुभव एकत्र झाले. जाहिरात एक सांगे, आणि त्या तक्त्यांतली तांबडी-काळी वर्तुळे दुसरेच सांगत. श्रोतेहो, गाडी घेणाऱ्याचा आवाज आणि गाडी करणाऱ्याचा आवाज हे एकाच वर्षी, एकाच कुळात जन्मले. पुढे त्यांची ताटातूट झाली. ती कशी झाली ते आता सांगतो, कारण त्यात आमच्या चळवळीचाही दोष आहे.

दुसरे महायुद्ध संपताच, नोव्हेंबर १९४५ मध्ये, जनरल मोटर्समध्ये ११३ दिवसांचा संप झाला. पुढारी होता वॉल्टर रूथर. त्याची मागणी विलक्षण होती. मजुरी ३० टक्के वाढवा, परंतु गाडीची किंमत वाढवू नका. हे परवडत नाही असे म्हणत असाल तर हिशेबाच्या वह्या उघडा. कंपनीने सांगितले, किंमत आणि वह्या हा तुमचा विषय नव्हे. शेवटी तासाला साडेअठरा सेंटची वाढ मिळाली. गिऱ्हाइकाच्या वाट्याला काही आले नाही. पाच वर्षांनी, १९५० मध्ये, याच रूथरने कंपनीशी पाच वर्षांचा मोठा करार केला. पेन्शन, महागाईप्रमाणे वाढ, वैद्यकीय मदत, सारे मिळाले. लोकांनी त्याला 'डेट्रॉइटचा तह' असे नाव दिले. तहात काही मिळते, काही सोडावे लागते. सोडले ते हे की काय बनवावयाचे आणि कसे बनवावयाचे, हे केवळ कंपनी ठरवील. त्या करारामुळे लाखो घरांत स्वस्थता आली. त्याला मी नावे ठेवणार नाही. परंतु मी त्या तरुण वेल्डरला जे उत्तर दिले, तेच उत्तर त्या दिवशी एका थोर युनियनने कागदावर लिहून दिले होते.

मधल्या सुबत्तेच्या काळाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. १९६०नंतर काही वर्षे अमेरिकेत विकलेल्या दर दोन गाड्यांतली एक जनरल मोटर्सची होती. त्याच काळात कॉर्व्हेर ही मागे इंजिन असलेली गाडी निघाली. १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिले आणि पहिले प्रकरण कॉर्व्हेरला दिले. वळणावर तिची मागची चाके दगा देतात, हा आरोप. येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की १९७२ मधल्या सरकारी अहवालाने या गाड्या त्या काळच्या तशा इतर गाड्यांहून अधिक धोक्याच्या नव्हत्या असे म्हटले. परंतु महत्त्वाचे आहे ते कंपनीने नेडरला दिलेले उत्तर. गाडी तपासण्याऐवजी तिने त्याच्यामागे हेर लावले. फ्लिंटच्या कामगारांमागे लावले होते, तसेच. मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली, आणि त्याच वर्षी वाहनांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. दोष दाखविणारा कामगार असो की गिऱ्हाईक, त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी तीस वर्षांत बदलली नव्हती.

आता लॉर्ड्सटाउनकडे वळू. ओहायो राज्यातल्या या गावी कंपनीचा नवा कारखाना होता, आणि सप्टेंबर १९७० मध्ये तेथली शेव्रोले व्हेगा ही लहान गाडी बाजारात आली. जपानी व जर्मन लहान गाड्यांना ते उत्तर होते. तिला 'मोटर ट्रेंड' मासिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम गाडीचा मानही मिळाला. घेणाऱ्यांचा अनुभव निराळा होता. इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आणि आत लोखंडी लायनर नाहीत. गाडी तापली की ब्लॉक वाकावयाचा, सिलिंडर झिजावयाचे, तेल जळावयाचे, मागे निळा धूर. पुढच्या मडगार्डांना दोन-तीन हिवाळ्यांत गंज चढून भोके पडत. हप्ते संपण्याआधी गाडी संपली, अशी अनेकांची गत झाली. अशा वीस लाखांच्या आसपास गाड्या १९७७ पर्यंत निघाल्या.

इंजिनाचा आणि पत्र्याचा दोष कागदावरचा होता, तो लाइनवरच्या माणसाच्या माथी मारता येत नाही. जुळणीचे काय? इतर कारखान्यांत लाइनवरून तासाला ६०च्या सुमारास गाड्या निघत. लॉर्ड्सटाउनला तासाला १०० काढावयाच्या होत्या. म्हणजे एका गाडीमागे एका माणसाला ३६ सेकंद. तेवढ्यात नट बसवा, आवळा, पुढची गाडी आलीच. १९७१ मध्ये कारखान्याचा कारभार कंपनीच्या एका कडक विभागाकडे गेला, माणसे कमी झाली, आणि उरलेल्यांवर त्यांचे काम पडले. ५,००० तक्रारअर्ज साचले. आवारात दुरुस्तीसाठी अडलेल्या गाड्यांची रांग वाढत गेली. कंपनी म्हणाली, कामगार मुद्दाम बिघाड करतात. कामगार म्हणाले, आम्ही बिघाड करीत नाही. पोहोचत नाही तेवढे काम सुटते आणि गाडी पुढे जाते. मार्च १९७२ मध्ये २२ दिवस संप झाला. तिशीच्या आतली ही पोरे, पगार चांगला, तरी संप का करतात, याचे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना कोडे पडले. काही माणसे परत आली, संप मिटला. लाइनचा वेग होता तोच राहिला.

पुढच्या दहा वर्षांत भरवशाला आणखी तडे गेले. १९७८ पासून ओल्ड्समोबिलचे डिझेल इंजिन आले. पेट्रोल इंजिनाच्या साच्यावर बेतलेल्या या यंत्राच्या हेडचे बोल्ट डिझेलचा दाब सोसू शकत नव्हते. गॅस्केट जाई, पाणी सिलिंडरमध्ये शिरे, आणि इंजिन कायमचे बसे. इंधनातले पाणी वेगळे काढण्याची सोयही ठेवली नव्हती. गाडीमालक एकत्र आले, दावे झाले. अमेरिकन माणसाचे मन डिझेल मोटारीवरून उडाले ते या इंजिनामुळे. तिकडे सदोष गाडीला 'लिंबू' म्हणतात. एकच दोष वारंवार दुरुस्त करूनही जात नसेल तर नवी गाडी अथवा पैसे परत द्यावेत, असा 'लिंबू कायदा' १९८२ मध्ये प्रथम कनेटिकट राज्याने केला. पुढे इतर राज्यांनी तो उचलला.

त्याच १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना कंपनीने बंद केला. त्याची कीर्ती फार वाईट. रोज पाचातला एक कामगार खाडा करी. दारू, भांडणे, तक्रारींचे ढीग. गाड्याही तशाच. दोन वर्षांनी तोच कारखाना जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत उघडला. नाव ठेवले नुम्मी. कारभार टोयोटाचा, युनियन तीच, आणि घेतलेल्या माणसांपैकी बहुतेक त्याच बदनाम कारखान्यातली. त्यांतल्या शेकडोंना शिकण्यासाठी जपानला पाठविले. डिसेंबर १९८४ मध्ये पहिली शेव्रोले नोव्हा बाहेर पडली. थोड्याच काळात या गाड्या जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांतल्या गाड्यांहून सरस ठरल्या, आणि खाडे शेकडा दोन-तीनवर आले.

काय बदलले होते? माणसे तीच, छप्पर तेच. लाइनच्या वर एक दोरी टांगलेली होती. कामात दोष दिसला की कोणीही कामगाराने ती ओढावयाची. ओढली की घंटा वाजे आणि गटाचा मुख्य धावत येऊन विचारी, काय अडले? त्या मुदतीत सुटले नाही तर लाइन थांबे. जुन्या फ्रीमाँटमध्ये लाइन थांबविणे हा मोठा गुन्हा होता; माणूस जायबंदी झाला तरी थांबवू नये, असा समज होता. येथे दोष पुढे पाठविणे हा गुन्हा ठरला. दुसरी गोष्ट, कामगारांना कराराने शब्द दिला होता की साधेल तोवर कोणालाही ले-ऑफ देणार नाही. १९८८ मध्ये खप घसरला तेव्हा तो शब्द पाळला गेला. माणसांना घरी न पाठविता शिकवणीला बसविले. आपण सुचविलेल्या सुधारणेने आपलीच नोकरी जाईल, हे भय नसले तर माणूस सुचवितो. एवढे साधे आहे ते.

टोयोटा धुतल्या तांदळासारखी आहे, असे मी म्हणत नाही. २००९-१० मध्ये तिलाही लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नुम्मीतले काम हलके नव्हते. मिनिटातले बहुतेक सेकंद हात चालत असे, आणि काही कामगारांना ते जाचत असे. तरी दोरीचे मोल त्यामुळे कमी होत नाही. आणि गिऱ्हाइकाची स्मृती किती लांब असते तेही येथे दिसले. त्याच लाइनवर, त्याच हातांनी केलेली गाडी टोयोटाच्या नावाने अधिक किमतीस जाई; दुसऱ्या नावाची तीच गाडी जुनी झाल्यावर कमी भाव मिळे. व्हेगाची आणि डिझेलची आठवण लोक विसरले नव्हते.

जनरल मोटर्सने ही दोरी आपल्या इतर कारखान्यांत का नेली नाही? नेण्याचा यत्न केला. परंतु दोरी टांगणे सोपे, ती ओढणाऱ्यावर विश्वास टाकणे कठीण. व्हॅन नाइसच्या कारखान्यात दोरी लागली. सुपरवायझर ती ओढू देत ना आणि युनियनचे जुने लोकही साशंक. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. बाजारातला वाटा घटत गेला. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकन सरकारने सुमारे ५,००० कोटी डॉलर ओतून तिला वाचविले. त्यांतले हजार कोटींहून अधिक परत आले नाहीत. नुम्मीतून ती बाहेर पडली. टोयोटानेही १ एप्रिल २०१० रोजी तेथले काम थांबविले आणि साडेचार हजारांवर माणसे घरी गेली.

दिवाळखोरीतून उठलेल्या कंपनीने जुने दुखणे बरोबर आणले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिने शेव्रोले कोबाल्ट आणि तिच्या भावंडांपैकी गाड्या परत बोलाविण्यास आरंभ केला. आकडा २६ लाखांवर गेला. दोष इग्निशनच्या स्विचमध्ये. चावीला जुडगा जड असला किंवा गुडघ्याचा धक्का लागला तर चालत्या गाडीत चावी मागे फिरे. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि धडक झाली तर एअरबॅग उघडत नसे. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने या दोषापायी झालेले १२४ मृत्यू मान्य केले. सुधारलेल्या भागाचा खर्च गाडीमागे ५७ सेंट, असे अमेरिकन काँग्रेसपुढे सांगण्यात आले.

स्विच ढिला आहे हे कंपनीतल्या इंजिनिअरांना वर्षानुवर्षे ठाऊक होते. २००५ मध्ये विक्रेत्यांना सूचना गेली की गिऱ्हाइकांना जुडग्यातले जड सामान काढावयास सांगा. २००६ मध्ये भाग गुपचूप सुधारला, परंतु पार्ट नंबर जुनाच ठेवला, म्हणून नंतर तपास करणारेही चकले. आणि २००८ मध्ये कर्मचाऱ्यांच्या शिकवणीत असे सांगितले होते की लिहिताना 'दोष', 'सुरक्षितता' असले शब्द वापरू नका. टाळावयाच्या शब्दांची यादीच दिली होती. गाड्यांची तपासणी पाहणाऱ्या एका नोकराने दोषांविषयी आवाज उठविला, दावाही लावला, आणि तो बाजूला पडला. त्याच्या जागी आलेल्या माणसाने चौकशीत सांगितले की आधीच्याची गत पाहून मी जोर धरला नाही. त्याच चौकशीत 'जीएमची मान' असा शब्दप्रयोग पुढे आला. सभेत सर्वांनी मान डोलवावयाची आणि बाहेर येऊन कोणी काही करावयाचे नाही. कोबाल्ट कोठे बनत होती, ठाऊक आहे? लॉर्ड्सटाउनला. तो कारखानाही मार्च २०१९ मध्ये थांबला.

ही सारी कथा सातासमुद्रापलीकडची आहे असे कोणी समजू नये. १९२८ मध्ये याच कंपनीने मुंबईत शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली होती; ती १९५४ मध्ये गुंडाळली. नव्या काळात ती पुन्हा आली, आणि २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला तिचा कारखाना उभा राहिला. २०१३ मध्ये तिला टव्हेरा जातीच्या १ लाख १४ हजार गाड्या धुराच्या दोषापायी परत बोलवाव्या लागल्या. तपासणीसाठी द्यावयाच्या गाड्यांत काही नोकरांनी चलाखी केली होती, असे कंपनीनेच सांगितले. २०१७ अखेर तिने भारतातली विक्री थांबविली, आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही थांबले. सुमारे १,४०० कामगार रस्त्यावर आले. हजारो शेव्रोले मालक सुट्या भागांची काळजी करीत राहिले. दोघांनाही कोणी विचारून निर्णय घेतला नव्हता.

बंधूंनो आणि भगिनींनो, या इतिहासावरून मी काय शिकलो ते सांगून आपली रजा घेतो. गाडीचा दोष सर्वांत आधी दिसतो तो ती जोडणाऱ्याला, आणि सर्वांत शेवटी भोगावा लागतो तो ती घेणाऱ्याला. या दोघांमध्ये दहा-दहा वर्षे जातात. ती वर्षे कमी करावयाची असतील तर पहिल्याला निर्भयपणे बोलता आले पाहिजे. नोकरीची शाश्वती नसलेला, सहा महिन्यांच्या कंत्राटावरचा पोरगा दोरी ओढणार नाही. तो मान डोलवील. आज आपल्या औद्योगिक वसाहतींत निम्मी लाइन अशा पोरांवर चालते, आणि त्यांनी बांधलेल्या गाडीत आपण मुलाबाळांना घेऊन घाटातून जातो.

दोष एकट्या मालकांचा असता तर मला बोलणे सोपे गेले असते. आम्ही युनियनवाल्यांनीही माल हा विषय मालकाला देऊन टाकला आणि पगाराची पावती घेऊन बसलो. फ्लिंटच्या माणसांनी लाइनच्या वेगासाठी जीव धोक्यात घातला होता. रूथरने गिऱ्हाइकाच्या किमतीसाठी संप लढविला होता. ते धागे आमच्याच हातून सुटले.

गेल्या वर्षी नव्या करारासाठी मागण्यांचा मसुदा करताना त्या वेल्डरला मी बोलावून घेतले. आता तो दोन मुलांचा बाप आहे. त्याला म्हटले, "तुझी मागणी तुझ्याच शब्दांत लिही." त्याने लिहिली. व्यवस्थापनाने अजून ती मान्य केलेली नाही. मागण्यांत तिचा क्रमांक या वेळी पहिला आहे.